आत्याच्या कठड्यावरची माणसे

३१ जुलै २०१९ रोजी आमच्या वडोदऱ्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. विश्वामित्री नदी पात्र सोडून वस्तीत शिरली, माझा दवाखाना चार दिवस बंद राहिला आणि त्या चार दिवसांत जे काही वैद्यक केले ते दूरध्वनीवरूनच केले. त्यातील एका सल्ल्याची आठवण झाली की आजही माझे कान तापतात.

नदीलगतच्या एका सोसायटीतून माझ्या जुन्या रुग्णाच्या सूनबाईंचा फोन आला. "डॉक्टर, बाबांना बहुतेक वात झालाय. सकाळपासून एकच सांगताहेत, फाटकाशी मगर बसलीय म्हणून." बाबांचे वय ८७. घरात वीज नाही, रात्रभर झोप नाही, पिण्याचे पाणी पुरवून पुरवून वापरलेले. वृद्धांच्या भ्रमावर परीक्षेत प्रश्न काढायचा झाला तर परीक्षकाने याहून निराळे काय लिहिले असते? मी ताप विचारला, लघवी विचारली, रात्रीची झोपेची गोळी बंद करायला सांगितली, मीठ-साखरेचे पाणी द्यायला सांगितले आणि शेवटी अनुभवी स्वरात म्हणालो, "त्यांच्याशी वाद घालू नका. हो ला हो म्हणा." अर्ध्या तासाने त्यांच्या नातवाने मोबाइलवर छायाचित्र पाठविले. फाटकाशी मगर बसली होती.

परगावच्या वाचकांना सांगितले पाहिजे की विश्वामित्री वडोदऱ्याच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी नांदतात. प्राणिसंग्रहालयातल्या नव्हेत, मोकळ्या. पुलावर थांबून ऊन खात पडलेली मगर दाखविणे हा आमच्याकडे पाहुणचाराचाच भाग आहे. २०१९ च्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर एक मगर घराच्या छपरावर चढून बसलेली साऱ्या देशाने पाहिली. हे सारे ठाऊक असलेल्या, याच गावात जन्मलेल्या वैद्याने ८७ वर्षांच्या गृहस्थाच्या डोळ्यांपेक्षा पाठ्यपुस्तकावर अधिक विश्वास ठेवला. पाणी ओसरल्यावर मी बाबांना भेटायला गेलो. ते एवढेच म्हणाले, "डॉक्टर, तुमचं मीठ-साखरेचं पाणी छान होतं. थोडं मगरीलाही देणार होतो."

परतताना मला आत्या आठवली, आणि पोटात काहीतरी खाली गेले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. अविवाहित, निवृत्त शिक्षिका. दांडिया बाजारातील वाड्याच्या वाटण्या झाल्यावर ती दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत असे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू कधीच काढलेले होते. पण पुढे दृष्टिपटलावरील पीतबिंदूची झीज होऊ लागली आणि तिचे वाचन संपले. जिचे सारे आयुष्य छापील अक्षरांच्या सोबतीने गेले, तिला समोरच्या माणसाचा चेहरा म्हणजे मधोमध एक करडा डाग आणि भोवती कडा तेवढी दिसे. "तुझे कान थेट तुझ्या आजोबांसारखे आहेत, हे मला आत्ता कळलं," असे ती म्हणे. तिच्या विनोदाची जात ही अशी होती.

२०१८ च्या दिवाळीत फराळाची बशी माझ्यापुढे सरकवीत ती सहज म्हणाली, "अरे, संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावरून माणसं जातात. एवढी एवढी." तिने अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर उंची दाखविली. त्या वेळी तिचे वय ८४ होते. मी हसलो. म्हणालो, "आत्या, गलिव्हर अजून डोक्यातून गेला नाही वाटतं." तीही हसली. "हो, तसंच असेल," म्हणाली आणि चिवड्यात खोबरे कमी पडले का, असे विचारू लागली. घरी येऊन मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली, आणि विसरून गेलो.

गलिव्हर माझ्या ओठांवर का आला, ते सांगायला हवे. आमचे बालपण आत्याने वाचून दाखविलेल्या पुस्तकांवर पोसलेले आहे. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय हे तिचे दुसरे घर. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून ते उभारले. तेथील पुस्तकांचे घोडे लोखंडी आणि मजल्यांची जमीन जाड काचेची. एकदा आत्याने ओळख काढून मला आत नेले. मान वर केली तर डोक्यावरच्या काचेतून कुणाच्या तरी तळपायांच्या सावल्या चालत होत्या. माणूस नाही, नुसते पाय. विक्रमाच्या खांद्यावर लोंबणाऱ्या 'चांदोबा'तील वेताळाला मी कधी भ्यालो नाही, पण त्या पायांना भ्यालो. वेताळही तेव्हा आमच्याकडे दोन होते: एक चांदोबातला, प्रश्न विचारणारा, दुसरा इंद्रजाल कॉमिक्समधला, जंगलात कवटीच्या गुहेत राहणारा आणि गुंडांच्या जबड्यावर खूण उमटविणारा. धाकट्या भावाची समजूत अशी होती की हा वेताळ लहानपणी विक्रमाच्या खांद्यावर होता आणि मोठा झाल्यावर आफ्रिकेत नोकरीला गेला. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर मात्र कुणाचे दुमत नव्हते. आम्हा वडोदऱ्याच्या मुलांना फुरसुंगी कुठे आहे ते पुण्याच्याही आधी ठाऊक झाले.

'गलिव्हर' मात्र आत्या इंग्रजी पुस्तक हातात धरून मराठीत सांगे, रोज दिवेलागणीनंतर एक प्रकरण. त्यातील सहा इंच उंचीची माणसे, त्यांचे घोडे, अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून पेटलेले त्यांचे युद्ध. गलिव्हर हा जहाजावरचा शस्त्रवैद्य होता, ही गोष्ट मला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर महत्त्वाची वाटू लागली. आपल्या धंद्यातील माणूस इतकी वर्षे दवाखाना सोडून हिंडत राहिला, याचा हेवा वाटे.

तर मगरीच्या प्रकरणानंतर चौथ्या दिवशी मी आत्याकडे गेलो. चहा झाला. मी विचारले, "आत्या, ती कठड्यावरची माणसं अजून येतात का गं?"

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आधी दार लाव."

दार लावल्यावर तिने जे सांगितले ते तसेच देतो. माणसे दीड वर्षापासून येत होती. बहुधा दिवेलागणीच्या सुमारास, कधी दुपारी पडदे ओढलेले असताना. डोक्याला पगड्या, अंगात भरजरी कपडे, रंग असे लखलखीत की "इतके स्वच्छ रंग मी गेल्या सहा वर्षांत पाहिलेले नाहीत." कापडावरची वीणही दिसे. एका ओळीने चालत, तिच्याकडे बघत नसत, बोलत नसत. पावलांचाही आवाज नाही. पापण्या घट्ट मिटून उघडल्या की कधी नाहीशी होत, कधी तिथेच असत. ती खरी नाहीत हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. एकदा मात्र कुंडीला पाणी घालताना ती त्यांना "बाजूला व्हा" म्हणाली आणि नेमके कामवाल्या बाईने ऐकले. त्या बाईने शेजारी सांगितले, "बा एकलां एकलां वातो करे छे." शेजाऱ्यांनी माझ्या चुलतभावांना कळविले, आणि भावांनी एका वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली होती. मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

"तू नको म्हणालीस ना त्यांना?" मी विचारले.

"हो म्हणाले," आत्या म्हणाली. "गणपतीनंतर जायचं ठरलंय. डोकं पुरतं जाण्याआधी आपल्या पायांनी गेलेलं बरं. तुला सांगून पाहिलं होतं. तू हसलास, तेव्हा वाटलं, डॉक्टर असून हसतोय म्हणजे सांगण्यासारखं काही उरलं नसेल."

एम. डी. च्या तोंडी परीक्षेत बाहेरगावचे परीक्षक मला जे बोलले होते त्याचे मला इतके लागले नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन रीतसर गेलो. औषधांची यादी पाहिली, रक्तातील सोडियम, थायरॉइड, ब-१२ तपासून घेतले, लघवी तपासली. हातांना कंप, चालीत अडखळणे, अंगात ताठरपणा असे काही नाही. झोपेत ओरडणे नाही. मग स्मरणशक्तीची चाचणी. "शंभरातून सात वजा करीत जा," म्हणालो. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करीत ती न थांबता खाली उतरली आणि म्हणाली, "दोन उरले. त्यांचं काय करू?" मला स्वतःला पंचावन्नच्या पुढे बोटे मोजावी लागली होती, हे तिला दिसले नाही, ही तिच्या आजाराची एकमेव सोय.

निदान आपल्यापैकी बहुतेकांच्या आता ध्यानात आले असेल. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या मातामहांची हकिकत लिहून ठेवली आहे. नव्वदीला टेकलेले, मोतीबिंदूने दृष्टी गेलेले, पण बुद्धीने खणखणीत असे ते गृहस्थ होते. त्यांना खोलीत पुरुष, स्त्रिया, पक्षी, गाड्या, इमारती दिसत आणि त्या खऱ्या नाहीत हेही त्यांना कळे. पुढे या प्रकाराला बॉने यांचेच नाव मिळाले. डोळ्यांकडून येणारा मजकूर आटला की मेंदूचा दृष्टीचा भाग रिकामा बसत नाही. तो आपल्या पदरचे छापू लागतो. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूची चित्रे घेतली. चेहरे दिसत असताना चेहरे ओळखणारा भाग आणि रंग दिसत असताना रंगांचा भाग खरोखर जागा झालेला आढळला. नुसती कल्पना करताना असे होत नाही. म्हणजे आत्याला 'वाटत' नव्हते, 'दिसत' होते.

बारीक माणसे दिसण्याला तर वेगळे नावच आहे. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ राउल लरवा यांनी १९०९ मध्ये त्यांना लिलिपुटी भास म्हटले. म्हणजे दिवाळीत मी थट्टेने उच्चारलेला शब्द हे अर्धे निदान होते, आणि ते तोंडात असून मी चिवडा खात बसलो. आपल्या शास्त्राने बालपणीच्या पुस्तकांतून किती उचलले आहे, हे मला तेव्हा मोजावेसे वाटले. स्वतःचे हातपाय, भोवतालच्या वस्तू अकारण लहानमोठ्या भासतात, पुष्कळदा अर्धशिशीच्या रुग्णांना; त्याला १९५५ मध्ये टॉड यांनी ॲलिसचे नाव दिले. रोग बनवून बनवून इस्पितळे हिंडणाऱ्यांना १९५१ मध्ये ॲशर यांनी थापाड्या बॅरन मुनचौसेनच्या पंगतीला बसविले. स्वतःचे केस गिळून पोटात त्यांचा गोळा व आतड्यात शेपूट घेऊन येणाऱ्या मुलींसाठी रापुन्झेल, आणि जागच्या जागी झोपणाऱ्या लठ्ठ रुग्णांसाठी डिकन्सच्या पिकविकमधला जाड्या पोऱ्या. आपल्या फास्टर फेणेच्या नावाने अजून एकही लक्षणसमूह नसावा, ही मराठी वैद्यकाची उणीव आहे. अतिचंचल मुलांच्या तज्ज्ञांनी विचार करावा.

आत्याला मी हे सारे सांगितले. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे वेड नव्हे?" दुसरा, "औषध?" औषध बहुधा लागत नाही, म्हणालो, खोलीत उजेड वाढवू, माणसे आली की डोळे भराभर डावीकडे-उजवीकडे फिरव, आणि पुष्कळांचे हे भास वर्षा-दीड वर्षात विरळ होतात. तिने तिसरा प्रश्न विचारला नाही. खुर्चीत मागे टेकली आणि डोळ्यांना पदर लावला. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "तू तरी काय हसायचास? १९९५ साली दुधाची वाटी घेऊन देवळात कोण गेलं होतं?"

हे खरे आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले तेव्हा माझी प्रतीक्षाखोली अकरा वाजता ओस पडली, आणि साडेअकराला मीही रांगेत होतो. चमचा सोंडेला लावला, दूध गेले. पृष्ठताण हा विषय मी प्रथम वर्षाला शिकलो होतो, नवजात अर्भकांच्या फुप्फुसांच्या संदर्भात तो विद्यार्थ्यांना शिकविलाही होता. तरी त्या क्षणी अंगावर काटा आला तो आलाच. दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखविले. मी घरी सांगितले की मी निरीक्षणासाठी गेलो होतो. आत्याने त्यावर तेव्हाही विश्वास ठेवला नव्हता.

माझ्या समाधानासाठी मी मग थोर व्यवसायबंधूंचे दाखले शोधले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे एडिंबरोचे डॉक्टर. १८९१ मध्ये व्हिएन्नाला जाऊन ते नेत्रविद्या शिकून आले आणि लंडनमध्ये त्यांनी नेत्रतज्ज्ञ म्हणून पाटी लावली. रुग्ण फिरकेनात, म्हणून लिहीत बसले. याच गृहस्थांनी १९२० मध्ये कॉटिंग्ली गावातील दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी मानून मासिकात लेख लिहिला आणि १९२२ मध्ये त्यावर पुस्तक काढले. १९८३ मध्ये, म्हातारपणी, त्या मुलींनी कबूल केले की पऱ्या म्हणजे कागदावर काढलेली, कापून टाचणीने खोचलेली चित्रे होती. ती बेतली होती 'प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक' या मुलांच्या पुस्तकातील चित्रांवरून. त्याच पुस्तकात स्वतः डॉयल यांची एक कथा आहे! पऱ्या त्यांच्याच शेजारच्या पानांतून उठून बागेत गेल्या होत्या, आणि होम्सच्या बापाने त्या ओळखल्या नाहीत. लॉक नेसच्या सरोवरातील राक्षसाचे १९३४ चे प्रसिद्ध छायाचित्रही 'सर्जनचे छायाचित्र' म्हणूनच गाजले. ते पुढे आणणारे गृहस्थ लंडनचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. डॉक्टर खोटे कसे बोलेल, या भरवशावर ते साठ वर्षे तगले. १९९४ मध्ये उघड झाले की तो राक्षस खेळण्यातल्या पाणबुडीवर बसविलेली मान होता. सांगायचे एवढेच की डॉक्टरने पाहिले म्हणजे खरे आणि ८४ वर्षांच्या बाईने पाहिले म्हणजे वात, या हिशेबाला जुना इतिहास आहे.

वृद्धाश्रमाचे बोलणे मोडले. भावांना समजावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्यांचाही दोष नव्हता, त्यांना काळजीच वाटत होती. कामवाल्या बाईला आत्याने स्वतः गुजरातीत समजावून दिले. तिचा सारांश बाईने मला असा सांगितला की बांच्या डोळ्यांत जुना सिनेमा अडकला आहे. मी याहून चांगले सांगू शकलो नसतो. त्यानंतर मी दवाखान्यात दृष्टी अधू झालेल्या प्रत्येक वृद्धाला, नातेवाइकांना बाहेर बसवून, विचारू लागलो : तुम्हाला कधी नसलेलं काही दिसतं का? बरेच जण आधी दाराकडे बघतात. एका निवृत्त लेखापालांना जमिनीवर फरशीच्या नक्षीचे गालिचे दिसत. एका आजींना सोफ्यावर मांजरे. दोघांनीही घरी कुणाला सांगितले नव्हते.

आत्याची माणसे २०२० च्या टाळेबंदीत विरळ होत गेली. मी गच्च मुखपट्टी लावून दाराबाहेर उभा राहून विचारी, "आली होती?" ती म्हणे, "नाही रे. त्यांनाही बाहेर पडायला बंदी असेल." पुढे ती येईनाशीच झाली. तिला थोडे चुकल्यासारखे वाटे, हे तिने एकदाच बोलून दाखविले, आणि ते रंगांविषयी होते.

२०२२ च्या पावसाळ्यात तिची प्रकृती खालावली. मी संध्याकाळी दवाखाना लवकर आटोपून जाऊ लागलो आणि तिच्याच कपाटातील जुना इंग्रजी 'गलिव्हर' काढून तिला मराठीत सांगू लागलो. तिच्याइतके जमत नव्हते. क्रियापद शोधताना मी अडखळलो की ती पुरवी. पहिल्या सफरीतील राजवाड्याच्या आगीपाशी मी थांबलो. मला आठवत होती ती आग गलिव्हरने बादल्यांनी विझविली होती. पुस्तकात निराळेच निघाले. आमच्या मूत्ररोगतज्ज्ञ मित्रांना ते ठाऊक असेल. बाकीच्यांनी मूळ पुस्तक पाहावे. पंच्याहत्तर वर्षे शिक्षिकेसारखी वागलेल्या आत्यापुढे ते कसे सांगावे, या विचारात मी पान उलटले.

"थांब," आत्या म्हणाली. "एक पान गाळलंस."

"तुला कसं कळलं?"

"कारण तुम्हा मुलांना सांगताना मीही तेच गाळत होते. बादल्या माझ्या. आता वाच ते."

मी वाचले. ती इतकी हसली की कामवाली बाई स्वयंपाकघरातून धावत आली.